डाव्या टोपलीतलं लाकूड

दोन विहिरींचं गाव
बाजरीच्या कापणीचा महिना, चंद्राचा चौथा दिवस

बिरांते,

कुशल विचारायला मला सवड नाही. काल राजाचे दोन घोडेस्वार आले आणि देम्बाला घेऊन गेले. तुझ्या भाच्याला, माझ्या एकुलत्या एक मुलाला, हात मागे बांधून, भर बाजारातून नेलं. मी धावत गेले तर मला भाल्याच्या दांड्याने बाजूला सारलं, जसं शेळीला सारतात.

झालं ते असं. वाटेवरच्या विहिरीपाशी तांडा उतरला होता. पाण्याच्या पाळीवरून देम्बाची आणि एका उत्तरेकडच्या उंटवाल्याची बाचाबाची झाली. सकाळी तो उंटवाला डोकं फुटून मेलेला सापडला. त्या विहिरीवर तीस माणसं होती, पण बोटं सगळ्यांची देम्बाकडेच वळली. का, ते तुला सांगायला नको. जाजेचा मुलगा ना तो! चोराच्या घरातला.

पौर्णिमेला त्याला राजासमोर लाकडाचं पाणी प्यायला देणार आहेत. ते पाणी तयार करणारा तू आहेस, म्हणून लिहिते. गैरसमज करून घेऊ नकोस, मी तुझ्याकडे भलतंसलतं काही मागत नाही. माझा त्या पाण्यावर विश्वास आहे. निर्दोष माणसाच्या पोटात ते ठरत नाही, आणि दोषी माणसाच्या पोटातून ते बाहेर येत नाही, हे आपण लहानपणापासून बघत आलो. जाजेच्या बाबतीत ते खोटं बोललं नाही. बारा वर्षांपूर्वी त्याने राजाचा सोन्याचा गोळा लपवला, पाणी पोटात ठेवून ताठ उभा राहिला, आणि मी सगळ्यांदेखत ते मान्य केलं. नवरा होता तरी मान्य केलं. आता मुलाच्या वेळी मी कशाला घाबरू? माझा देम्बा बापासारखा नाही.

तू फक्त तिथे जवळ उभा राहा. त्या उंटवाल्याचे सोबती काही दगाफटका करतील, वाडग्यात काही मिसळतील, तेवढं बघ. आणि सकाळी त्याला काही खायला देऊ नका म्हणावं, त्याला रिकाम्या पोटी बरं वाटतं.

तो तुझा वारस आहे हे विसरू नकोस. आपल्यात घर, खुर्ची आणि ती तुझी कोयती मुलाकडे जात नाही, बहिणीच्या मुलाकडे जाते. तो गेला तर तुझ्यामागेही अंधार आहे.

दियाबा

*

राजाचं गाव
चंद्राचा अकरावा दिवस

ताई,

तुझं पत्र आज दुपारी पोचलं आणि हाच गाढववाला उद्या परत निघतोय, म्हणून घाईत लिहितो. तू मुळीच रडू नकोस. देम्बाला मी भेटलो. कुडाच्या खोलीत ठेवलाय, पण जेवण माझ्या घरून जातं. आंबट दूध आणि बाजरीची लापशी दोन वेळा. तुझी आठवण काढत होता. मामा, आईला सांगा मी मारलं नाही, एवढंच म्हणाला.

आणि पाण्याची काळजी तू मला सांगतेस? अगं, ही विद्या मामांनी माझ्या हातात दिली त्याला बारा वर्षं झाली. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी स्वतः राईत जाऊन ओली फांदी तोडून आणीन. उजव्या टोपलीतली सालसुद्धा नको, अगदी झाडावरची ताजी. संध्याकाळपासून भिजत घातली की ते पाणी असं उतरतं की हत्तीच्या पोटातही ठरणार नाही. देम्बा वाडगं खाली ठेवायच्या आत ओकेल, ढोल वाजेल, आणि तू निवांत हो. डाव्या टोपलीला, गेल्या वर्षीच्या वाळक्या लाकडाला, मी त्या दिवशी कोणाला हातसुद्धा लावू देणार नाही.

मामांनी आपल्या दोघांना व्यापाऱ्यांच्या गावात पाठवून अक्षरं शिकवली ती अशाच वेळेसाठी, जे निरोप्याच्या कानावर पडू नये ते लिहिता यावं म्हणून. हे पत्र वाचलंस की चुलीत घाल.

तुझा
बिरांते

*

दोन विहिरींचं गाव
चंद्राचा एकविसावा दिवस

बिरांते,

पत्र मी चुलीत घातलेलं नाही. मी ते चाळीस वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा आनंदाने रडले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हात थांबले.

उजवी टोपली. डावी टोपली. ओलं लाकूड. वाळकं लाकूड.

म्हणजे ओलं असलं तर कोणीही ओकतं आणि वाळकं असलं तर कोणीच ओकत नाही, असंच ना? इतकं साधं? मग निर्दोष कोण आणि दोषी कोण हे पाणी ठरवत नाही, राजा ठरवत नाही, देव तर नाहीच नाही. ते तू ठरवतोस. आदल्या दिवशी कोणत्या टोपलीत हात घालायचा ते.

मग मला सांग, जाजेचं लाकूड कोणत्या टोपलीतलं होतं?

मी तिथे होते. तू तर होतासच, वाडगं तूच पुढे केलंस. तो ते एका दमात प्याला आणि त्याने हसून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं होतं, आत्ता ओकेन आणि आपण दोघं घरी जाऊ. मग तो वाट बघत राहिला. मग त्याने घशात बोटं घातली, तर शिपायांनी हात धरले. त्याला बांधलं, उत्तरेकडे मिठाच्या खाणींवर पाठवायचं ठरलं, तेव्हा तो मोठ्याने म्हणाला, "दियाबा, तू तरी मला एकदा विचार!" मी काय म्हणाले माहीत आहे? "पाण्याने सांगितलंय." एवढं बोलून पाठ फिरवली. तांडा निघाला तेव्हा मी बाहेर आलेसुद्धा नाही.

बारा वर्षं मी गावाच्या विहिरीवर शेवटी पाणी भरते. दोषी ठरलेल्याच्या घराची पाळी शेवटची, गुरं पिऊन गेल्यावरची. खाली उरतो तो गाळ मी फडक्यातून गाळून पोराला पाजला, आणि वर त्याला सांगत राहिले, तुझ्या बापाचीच ही करणी आहे.

तुझं हे पत्र पोचलं त्या दिवशी पौर्णिमा होऊन गेली होती. ओलंच लाकूड घातलं असशील अशी आशा करते. मी कोणी थोर बाई नाही. माझा मुलगा वाचू दे, मग तो कोणत्याही टोपलीने वाचो. पण वाचला असेल तर त्यानंतर मला उत्तर हवं. कोणती टोपली?

दियाबा

*

राजाचं गाव
चंद्राचा सोळावा दिवस

ताई, आनंदाची बातमी!

देम्बा सुटला! तू बघायला हवं होतंस. राजा छत्राखाली बसलेले, शिवलेला अंगरखा घालून. मागे ढाली-तलवारी घेतलेले सेवक, पायाशी सोन्याच्या पट्ट्यांचे कुत्रे. सगळ्यांनी डोक्यावर धूळ घेतली. देम्बाने वाडगं तोंडाला लावलं आणि दुसऱ्या घोटालाच भडाभडा ओकला. तिसरा घोट बाकीच होता! ढोल वाजला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. राजाचा शब्द लोकांना सांगणाऱ्या दुभाष्याने स्वतः त्याची पाठ थोपटली. तुझा मुलगा निर्दोष आहे असं साऱ्या राज्याने ऐकलं.

तो दोन दिवस विश्रांती घेऊन निघेल. मेंढा कापून ठेव.

बिरांते

*

राजाचं गाव
मळणीचा महिना, चंद्राचा दुसरा दिवस

ताई,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुझं एकविसाव्या दिवसाचं पत्र मला काल मिळालं.

जाजेदाजींचं आता काय काढतेस? बारा वर्षं झाली. तो कोरडा काळ होता, लाकूड कसं होतं कोणाला आठवणार? मी तेव्हा नवा होतो. झाडंही त्या वर्षी पावसाअभावी सुकली होती. आपला देम्बा सुखरूप आहे ना, त्याचा आनंद मान. जुन्या जखमा उकरून कोणाचं भलं झालंय?

एक विनंती आहे. मला आता पन्नाशी येतेय. देम्बाने इथे येऊन काम शिकायला हवं. त्याला पाठव.

बिरांते

*

दोन विहिरींचं गाव
मळणीचा महिना, चंद्राचा बारावा दिवस

बिरांते,

कोणाला आठवणार म्हणतोस? मला आठवतं! त्या वर्षी इतका पाऊस झाला होता की जाजेला घेऊन निघालेला तांडा नदीअलीकडे सतरा दिवस अडकला होता. तुझ्या राईतली झाडं हिरवीगार होती. मी त्यांच्याच सावलीत बसून माझ्या नवऱ्याचा निकाल ऐकला. थाप मारायची तर निदान बहिणीला बघून मार.

देम्बा आला. शेजारणी दूध घेऊन आल्या, हसल्या, गोड बोलल्या. दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणाल्या, "मुलगा सुटला, बरं झालं हो. पण घर जाजेचंच ना? पाळी शेवटचीच." मी घागर घेऊन ऊन चढेपर्यंत उभी.

घरी आले आणि माझ्या मनात एक नवीनच भीती शिरली. पाणी तर तू केलेलं. मग माझ्या मुलाने त्या माणसाला मारलं की नाही, हे मला कसं कळणार? तू त्याला सोडवलंस, पण मला त्याच्याकडे निर्धास्त बघता येईनासं केलंस. दोन दिवस मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी जेवताना विचारलंच, "देम्बा, खरं सांग. तू मारलंस का?"

त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "नाही, आई. भांडण झालं, मग त्यानेच मला खजूर दिले, आणि मी झोपलो. मी मारलं नाही." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मला कळलं की तो खरं बोलतोय. पाण्याची गरज लागली नाही. फक्त विचारावं लागलं.

मग तो म्हणाला, "मला विचारलंस. बाबांना का नाही विचारलंस?"

बिरांते, मी तुझं पत्र काढून त्याच्यापुढे टाकलं. त्याने ते वाचलं. त्यालाही अक्षरं मीच शिकवलीत. तो उठून गोरखचिंचेखाली जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथेच होता. त्या दिवसापासून माझ्या तोंडात मिठाचा खडा जात नाही. कोणाच्या हातांनी कापलाय कोण जाणे. लापशी अळणी खाते.

हे पत्र देम्बाच घेऊन येतोय. तुला वारस हवा होता ना, घे. तू उत्तर लिहीपर्यंत तो तुझ्या दारात बसून राहील. आणि ऐकते की आता त्या उंटवाल्याच्या सोबत्याला धरलंय. त्याला कोणत्या टोपलीतलं देणार आहेस?

दियाबा

*

राजाचं गाव
मळणीचा महिना, चंद्राचा पंचविसावा दिवस

ताई,

तो खरंच दारात बसला. तीन दिवस. आत ये म्हटलं तर येत नाही, दिलेलं खात नाही. येणारे-जाणारे विचारतात, मामा-भाच्याचं बिनसलं का? शेवटी मी हरलो. लिहितो.

डाव्या टोपलीतलं होतं.

मामा वारल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो त्याला फक्त एकोणीस दिवस झाले होते. कोठाराचा धनी मला राईत भेटला. त्याला काय कमी होतं? राजाच्या उजव्या हाताला बसायचा. सोन्याचा कण सापडला तर प्रजेचा आणि गोळा सापडला तर राजाचा, हा कायदा राबवणारा तोच. गोळा त्याच्या बहिणीच्या मुलाने उचलला होता. तो मला एवढंच म्हणाला, "उद्या जुनं लाकूड वापर. तुझे मामा शहाणे होते." मला वाटलं, मामाही हेच करत होते की काय! मी घाबरलो, ताई. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी वाडगं माझ्या हातात दिलं असतं, प्यायला. तो धनी मेला, त्याचा भाचा मेला. उरलो मी एकटा.

दाजींनी वाडगं घेतलं तेव्हा मला म्हणाले, "बिरांते, हात का कापतोय? थंडी वाजते का?" हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

आता शिव्या दे. पण शिव्या देऊन झाल्या की जरा विचार कर. आपली आजी सांगायची ना, एका बोकडावरून तिचं माहेर तीन वेळा जळलं? याने त्याचा माणूस मारायचा, त्याने याचे दोन. राजे नव्हते तेव्हा असंच चालायचं. आज चाळीस गावं, सात बोल्या, प्रत्येकाचा देव वेगळा, आणि सगळे एका ढोलाला मानतात. कशामुळे? घोडेस्वारांमुळे? घोडे दक्षिणेच्या रानात चार महिने जगत नाहीत. लोक मानतात, कारण त्यांना वाटतं की राजाच्या पाण्याला माणसाच्या मनातलं दिसतं. त्या विश्वासावर दोन गावांतली कुऱ्हाड खाली राहते. मी उद्या उभा राहून म्हटलं की पाण्यात काही नाही, सगळं टोपलीत आहे, तर हे राज्य वर्षभर तरी टिकेल का?

त्या सोबत्याला मी ओलं दिलं. यापुढे सगळ्यांना ओलंच देईन. डाव्या टोपलीला हात लावणार नाही. एवढं तुला पुरेसं नाही का?

बिरांते

*

दोन विहिरींचं गाव
गार वाऱ्याचा महिना, चंद्राचा सहावा दिवस

बिरांते,

नाही. पुरेसं नाही.

राजापुढे वर्षानुवर्षं डोक्यावर धूळ घेऊन घेऊन तुझ्या अकलेवरही धूळ बसलीय. चाळीस गावं! सात बोल्या! मला राज्य शिकवतोस? घर बांधताना खांबाखाली बोकड पुरतात, तसा तू माझा नवरा पुरलास आणि आता मला सांगतोस, बघ ताई, छप्पर किती भक्कम आहे. त्या छपराखाली तू बसलायस. मी बारा वर्षं उन्हात उभी आहे, घागर घेऊन, गुरांच्या मागे.

आणि सगळ्यांना ओलं देणार म्हणे. म्हणजे आता खुनीही सुटणार! त्या उंटवाल्याला कोणीतरी मारलंच ना? तुला एक टोपली वाकडी वाटली, तर तू दुसरी वाकडी धरलीस. कोठाराच्या धन्याने त्याचा भाचा वाचवला, तू तुझा वाचवलास. दोघांत फरक तो काय? एवढाच की तुझा भाचा निर्दोष होता, आणि तेही तुला माहीत नव्हतं. तू त्याला विचारलं नव्हतंस!

मीही विचारलं नव्हतं. तो दोष माझा. तो माझा राग मी माझ्यावर काढीन, तू त्यात तोंड घालू नकोस.

आता माझं ऐक. जाजे जिवंत आहे की त्या खाणीत मेला, मला ठाऊक नाही. परत आणणं तुझ्या हातात नाही. पण त्याचं नाव तुझ्या हातात आहे. देम्बा राजासमोर तक्रार मांडेल की बारा वर्षांपूर्वी लाकडाच्या रखवालदाराने खोटं पाणी दिलं. राजा तुला प्यायला सांगतील, कारण त्यांना दुसरं काही सुचत नाही. रखवालदारच आरोपी म्हटल्यावर लाकूड भिजवायचं काम वारसाकडे येईल. तू देम्बाला सांग, डाव्या टोपलीतलं घे. आणि पी. आणि ओकू नकोस. पाण्याने जे जाजेबद्दल खोटं सांगितलं, ते तुझ्याबद्दल खरं सांगू दे. तू दोषी ठरलास की जाजे सुटला.

एवढं केलंस तर तू माझा भाऊ. नाहीतर मला भाऊ नव्हताच.

दियाबा

*

राजाचं गाव
आंधीचा महिना, चंद्राचा अठरावा दिवस

ताई,

तीन महिने लिहिलं नाही. आधी धीर होत नव्हता, मग वेळ झाला नाही, मग जे झालं ते कसं लिहावं कळेना.

मी तयार झालो. खरंच झालो. मी स्वतः देम्बाला म्हटलं, जा, मांड तक्रार. त्याने मांडली. दरबारात असा गोंधळ उडाला की कुत्रेही भुंकायला लागले. दुभाष्या मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोराला काही देऊन टाक आणि मिटव." मी म्हटलं, मी पिणार आहे. राजांनी पौर्णिमा ठरवली.

आदल्या दिवशी मी देम्बाला राईत नेलं. दोन्ही टोपल्या दाखवल्या. "डावीतलं घे," म्हटलं. "तिथलं जुनं, वाळकं आहे, पाणी नुसतं पाण्यासारखं लागेल." त्याने मान हलवली. मला मनातून हलकं वाटत होतं, ताई. वाटलं, उद्या हे संपलं. मिठाच्या खाणीत दाजींच्या शेजारी जागा मिळाली तर त्यांचे पाय धरीन.

परवा मी वाडगं तोंडाला लावलं आणि पहिल्याच घोटाला जीभ जळाली. ओलं! झाडावरून त्याच संध्याकाळी तोडलेलं. मी देम्बाकडे बघितलं, तो माझ्याकडे बघत होता, डोळा न लववता. मी दात आवळले, श्वास धरला. पन्नाशीच्या माणसाने काय काय धरावं? सगळं बाहेर आलं. ढोल वाजला. लोक नाचायला लागले. ज्याने इतकी वर्षं दुसऱ्यांना पाणी दिलं तोच असा स्वच्छ निघाला म्हणून बायकांनी डोळे पुसले.

मी ओरडलो, "थांबा! मी दोषी आहे! डाव्या टोपलीतलं लाकूड होतं, मीच दिलं होतं, जाजे निर्दोष होता!" ताई, ते हसले. "म्हाताऱ्याला आनंद झेपला नाही," म्हणाले. दुभाष्याने आपल्या उपरण्याने माझं तोंड पुसलं आणि कानात म्हणाला, "पाण्याने सांगितलं ना, मग तू कोण सांगणारा?" मी पुन्हा ओरडलो. मला उचलून घरी आणलं आणि वर मधाचं पाणी पाजलं.

घरी मी देम्बाची मान धरली. जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर हात उगारला. "का केलंस? तुझ्या बापाचं नाव धुतलं गेलं असतं!"

तो म्हणाला, "मामा, तुम्ही दोषी ठरला असतात तर लोक काय म्हणाले असते? पाणी बघा किती खरं आहे, बारा वर्षांनी का होईना, सांगितलंच. मला बाबांचं नाव त्या पाण्याकडून परत नको. ज्याने घेतलं त्याच्या तोंडून हवं."

"मी तोंडाने सांगितलं की! कोण ऐकतंय?"

"एकदा सांगितलंत," तो म्हणाला. "बाबांनी खाणीच्या वाटेवर किती वेळा सांगितलं असेल?"

त्यानंतर तो कोयती माझ्या उंबऱ्यावर ठेवून निघून गेला. ती खुर्ची त्याला नको आहे. मी कालपासून पाच वेळा राजवाड्याच्या दारात जाऊन तेच सांगितलं. आता शिपाई मला बघून हसतातही नाहीत, लांबूनच हात जोडतात. सगळ्यात पवित्र माणूस झालोय मी या गावातला. मी काय करू, ते तूच सांग.

बिरांते

*

दोन विहिरींचं गाव
आंधीचा महिना, चंद्राचा सत्ताविसावा दिवस

बिरांते,

तुझ्या आधी देम्बा पोचला. तू ओरडलास असं तो म्हणाला तेव्हा मी म्हटलं, खोटं आहे, माझा भाऊ ओरडायचा नाही. त्याने दोनदा शपथ घेतली. मग तुझं पत्र आलं.

माझा राग गेलेला नाही. तो जाणारही नाही, वाट बघू नकोस. देम्बावरही दोन दिवस चिडले होते, इतकी मी तयारी केली आणि या पोराने मोडता घातला. तिसऱ्या दिवशी वाटलं, बापावर गेलाय. हे वाक्य मी बारा वर्षं शिवी म्हणून वापरलं. या वेळी ते मी त्याला जवळ बसवून म्हटलं.

काल सकाळी मी विहिरीवर पहिली गेले. दोर सोडला तोवर बाया आल्या. मुखियाची बायको म्हणाली, "अगं ए, जाजेची बाई, डोकं फिरलं का तुझं? गुरं कुठे प्यालीत अजून?"

मी म्हटलं, "जाजे निर्दोष होता."

"कोणी सांगितलं? तुझा भाऊ तर ओकला म्हणे. म्हणजे त्याने दिलेलं पाणी खरंच होतं."

"भावाने तोंडाने सांगितलं."

"तोंडाला काय लागतंय!"

मी घागर भरली. तिने माझा दंड धरला, मी तिचा हात झटकला, घागर फुटली. मी घरी जाऊन दुसरी आणली आणि परत पहिली उभी राहिले. बाया बाजूला सरकल्या. मी भरली. वर आलेलं पाणी नितळ होतं, बिरांते. तळ दिसत होता घागरीचा. बारा वर्षांत मी तसं पाणी घरी नेलं नव्हतं. उद्याही मी पहिली जाणार आहे, आणि परवाही. घागरी माझ्याकडे अजून तीन आहेत.

तू विचारतोस काय करू. राजवाड्याच्या दारात ओरडून काय उपयोग, तिथे तुझी आरती चाललीय. इकडे ये. आठ दिवसांची वाट आहे, गाढव नसेल तर पायी ये. इथे ढोल नाही, छत्र नाही, कुत्र्यांच्या गळ्यात सोनं नाही. चाळीस बाया आणि एक विहीर आहे. रोज सकाळी माझ्या शेजारी उभा राहा आणि जाजेचं नाव घेऊन सांग, काय केलंस ते. हसतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांग. तुझा हात का कापत होता, तेही सांग. मी जेवण रांधून ठेवीन, पण तुझ्याशी बोलेन याची खात्री देत नाही.

येताना टोपल्या आणू नकोस. तोंड तेवढं घेऊन ये.

दियाबा
जाजेची बायको